खान्देशातलं नाटक, खान्देशावरचं नाटक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची मंडळी हौशी. दिवसा कोणी शाळेत शिकवतं, कोणी जिनिंगवर असतं, कोणी केळीच्या बागेत. तालीम जमेल तेव्हा. आपल्या भागातली माणसं, इथला इतिहास आणि इथल्या गोष्टी रंगमंचावर आणायच्या एवढाच आमचा हट्ट. गावोगावच्या गणेश मंडळांकडून, शाळांतून आणि नव्याने लिहिणाऱ्या पोरांकडून तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. एक विषय दोन ठिकाणी येत असेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. खान्देशी नाटक म्हणजे अहिराणीतलं नाटकच ना?

तेवढंच नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांना आपण खान्देश म्हणतो. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि नंदुरबार तर १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा निघाला. बोलींना या रेघा माहीत नाहीत. अहिराणी धुळ्याकडे आणि जळगावच्या पश्चिमेकडच्या तालुक्यांत बोलतात, तशी नाशिक जिल्ह्यात बागलाण, मालेगाव, कळवणलाही बोलतात. यावल, रावेर, भुसावळकडे गेलात की लेवा गणबोली आणि तावडी कानावर पडते. शहाद्याकडे गुजरी, सातपुड्यात भिली आणि पावरी, नवापूरकडे मावची. नाटक कोणत्या गावात घडतं यावर त्याची भाषा ठरते. जाहिरातीत 'अस्सल खान्देशी' लिहून सगळ्या पात्रांच्या तोंडी एकच अहिराणी घातली, तर रावेरचा माणूस मध्यंतरातच उठून जाईल.

२. बहिणाबाईंची भाषा अहिराणी आहे ना? मग त्यांच्यावरचं नाटक अहिराणीत केलं तर काय बिघडलं?

हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतो. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या असोद्याच्या, जन्म १८८०. त्यांची भाषा लेवा गणबोलीच्या वळणाची आहे, अहिराणी नाही. गोंधळ होतो तो 'ळ'मुळे. दोन्ही बोलींत 'ळ'चा 'य' होतो. डोळा तिकडेही 'डोया' आणि इकडेही 'डोया'. पण अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात आणि 'चा-ची-चं'च्या जागी 'ना-नी-नं' येतं. 'तुनं नाव काय शे?' असं असोद्याची बाई विचारणार नाही. बिघडतं ते इथे. आजूबाजूचं जग अहिराणी आणि मधेच गाणी गणबोलीत असं झालं की बहिणाबाई आपल्याच घरात पाहुणी वाटतात.

३. आपल्याकडे नाटकाची परंपरा कुठे आहे? ती तर पुण्या-सांगलीकडची.

नाट्यगृहातल्या नाटकाची परंपरा तिकडची, हे कबूल. उभं राहून गोष्ट सांगण्याची मात्र नाही. आपल्याकडे रात्र रात्र चालणारं वहीगायन आहे. त्यात देवादिकांच्या आणि इतिहासातल्या गोष्टी गाऊन सांगतात. यात्रेत तमाशातले कलावंत सजवलेल्या गाडीवर उभे राहून गावातून मिरवतात, तो तगतराव. नंदुरबारकडच्या आदिवासी गावांत सोंगाड्या पार्टी आणि रोडाली ही लोकनाट्यं आहेत, पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात कोकणी (कोकणा) आदिवासींचा मुखवट्यांचा भवाडा आहे. भुलाबाईची गाणी आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर म्हटली जाणारी गाणी तर निम्मी संवादच असतात; सासू, नणंद, मुऱ्हाळी सगळी पात्रं त्यात हजर.

या सगळ्यांतून काय घ्यायचं हा खरा प्रश्न. आमचं मत असं की पोशाख घेऊ नका, रचना घ्या. वहीगायनात एक जण ओळ टाकतो आणि बाकीचे ती उचलतात. ही रचना घेतली की सूत्रधार, कोरस, दृश्यबदल हे तिन्ही प्रश्न सुटतात. नुसता फेटा बांधून नाचवलं तर ते शाळेचं स्नेहसंमेलन होतं.

४. नाटक करायचंय, पण आमच्या भागात कोणाची गोष्ट आहे सांगण्यासारखी?

गोष्टी इतक्या आहेत की निवडताना त्रास व्हावा.

नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी मिरवणुकीवर गोळीबार झाला. त्यात शिरीषकुमार मेहता गेला, वय पंधरा. त्याच्याबरोबर लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम. ही गोष्ट शाळेत दर वर्षी होते, पण बहुतेक वेळा शुद्ध पुस्तकी मराठीत. ती पोरं 'नहीं नमशे, नहीं नमशे, निशाण भूमि भारतनु' ही गुजराती घोषणा देत होती. नंदुरबारच्या बाजारात गुजराती, अहिराणी, मराठी आणि भिली एकाच दुकानाच्या ओट्यावर भेटतात. हे ऐकू आलं की नाटक पुतळ्यावरून उतरून रस्त्यावर येतं.

शिरपूरकडे खाज्या नाईक आहे. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा हा भिल्ल नाईक १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांवर उलटला. १८५८ च्या एप्रिलात अंबापाणीची लढाई झाली. बंडखोरांच्या टोळ्यांबरोबर त्यांच्या बायकापोरंही होती. त्यांच्या बाजूने नाटक लिहायला कोणी बसत नाही. सगळ्यांना नाईकच व्हायचं असतं.

फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं. नेहरू अध्यक्ष, बांबूचं टिळकनगर, चित्रकार नंदलाल बोस यांची सजावट. नेत्यांची भाषणं छापील मिळतात. पण इतकी माणसं गावात आली तेव्हा पाणी कोणी भरलं, चुली कुठे पेटल्या, कोणाच्या शेतातून वाट गेली? नाटक तिथे आहे. चिमठाण्याला क्रांतिकारकांनी १९४४ मध्ये केलेली सरकारी खजिन्याची लूटही आहे. तिच्यावर काहीच न करता थरारपट येतो, म्हणून जपून.

सगळं लढायांचंच हवं असं नाही. धरणगावला जन्मलेले बालकवी १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले, वय सत्तावीस. अमळनेरला साने गुरुजी प्रताप हायस्कुलात शिक्षक होते; छात्रालयातल्या मुलांची अंथरुणं घालणारा मास्तर हे नुसतं दृश्य धरून अख्खा अंक उभा राहतो. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबा गीतेवर बोलत आणि गुरुजी लिहून घेत. दोन माणसं, एक कोठडी, नेपथ्याचा खर्च शून्य. चाळीसगावला केकी मूस हे छायाचित्रकार वर्षानुवर्षं बंगल्याबाहेर पडले नाहीत. पंजाब मेलने कोणी येणार होतं, त्याची ते वाट पाहत, असं सांगतात. गाडीचा आवाज आणि एक लावलेलं टेबल, एवढ्यावर एकपात्री होते.

आणि ज्यांची नावं कुठेच नाहीत ते : गिरण्या बंद झाल्यावरचे कामगार, भुसावळच्या रेल्वे चाळी, उसाला निघालेल्या टोळ्या. यांच्यासाठी प्रश्न ६ पाहा.

५. आमले अहिराणीमा नाटक लिखानं शे, पन लिखानं कसं? ळ नि ण ठेवानं का काढी टाकानं?

जसं ऐकू येतं तसं लिहा. संहिता नटासाठी असते, परीक्षेसाठी नसते. 'केळी' लिहिलं की नवा नट 'केळी'च वाचतो, 'केयी' लिहा. 'पाणी'चं 'पानी' करा. मात्र एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तसंच. पहिल्या पानावर 'नही' आणि दहाव्या पानावर 'नाही' असलं की तालमीत रोज त्याच ओळीवर भांडण होतं.

दुसरं, गावागावाची अहिराणी वेगळी. शिंदखेड्याकडचं वळण आणि चाळीसगावकडचं वळण सारखं नाही. लेखक ज्या गावचा त्या गावचं वळण धरा आणि बाकीच्यांचे टोमणे खा. आम्ही खातो.

क्रियापदांकडे मात्र नीट लक्ष द्या. प्रमाण मराठी वाक्याला मधे मधे 'भो' चिकटवला म्हणजे अहिराणी होत नाही. 'तू काय करत आहेस भो' हे वाक्य कोणत्याच गावचं नाही. 'काय करी राहिना भो' हे आहे.

६. जुन्या घटनेची माहिती कुठून काढायची? गुगलवर तर दोनच ओळी मिळतात.

तीन ठिकाणी जा. पहिलं, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ. इतिहासाचार्य राजवाड्यांनी जमवलेल्या कागदपत्रांचा तिथे संग्रह आहे. दुसरं, खान्देशचं जुनं गॅझेटिअर. हा मुंबई प्रांताच्या मालिकेतला बारावा खंड, १८८० चा. लिहिणारा इंग्रज सरकारचा आहे हे विसरू नका. तो ज्याला दरोडा म्हणतो त्याला तुमचं गाव दुसरं काही म्हणत असेल, आणि त्या दोन शब्दांच्या मधेच तुमचं नाटक असतं.

तिसरं ठिकाण म्हणजे ओटा. म्हाताऱ्या माणसांजवळ बसा, मोबाईलवर आवाज नोंदवा, पण आधी विचारून. 'त्या लढ्याबद्दल सांगा' असं विचारलं की नाना भाषण देतात. 'त्या साली पाऊस कसा होता, घरात खायला काय होतं' असं विचारा, मग गोष्ट आपोआप येते. दोघांनी एकच घटना दोन तऱ्हांनी सांगितली तर दोन्ही ठेवा, दोन पात्रांच्या तोंडी. आणि लिहून झालं की त्याच ओट्यावर परत जाऊन वाचून दाखवा. ही पायरी आम्ही एकदा गाळली आणि ते अंगाशी आलं. त्याचं उत्तर १४ मध्ये आहे.

७. सगळी पात्रं बोलीत बोलली तर शहरातल्या लोकांना कळेल का?

कळतं. पहिली पाच मिनिटं कान लागायला जातात, म्हणून त्या पाच मिनिटांत कथानकाची गाठ मारू नका; माणसं, घर, भांडण दाखवा.

खरी अडचण उलटी आहे. नायक शुद्ध बोलतो, नायिका शुद्ध बोलते आणि गडी, चोर, दारुडा तेवढे अहिराणी बोलतात. हसू येण्यासाठीच बोली ठेवलेली. असली संहिता आमच्याकडे आली की आम्ही परत पाठवतो. बोलीत रडता आलं पाहिजे, कोर्टात साक्ष देता आली पाहिजे, प्रेमाची मागणी घालता आली पाहिजे. ज्या पात्राला प्रमाण भाषा बोलायला कारण आहे ते बोलेल : मास्तर वर्गात, वकील कोर्टात, मुंबईहून आलेला मुलगा पहिले दोन दिवस.

८. गावातच प्रयोग आहे, तरी सेन्सॉर लागतं का?

हो. महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून आधी प्रमाणित करून घ्यावी लागते. १८७६ चा इंग्रजांचा नाट्यप्रयोग कायदा रद्द झाला हे खरं, त्यावरून 'आता सेन्सॉर उठलं' अशी अफवा फिरते. पण हे मंडळ आणि पोलीस अधिनियमाखालचे नियम वेगळे आहेत, ते आहेतच. प्रयोगाच्या परवानगीच्या अर्जाला प्रमाणपत्र जोडा. यात्रेच्या आठ दिवस आधी धावपळ करू नका, निदान दीड-दोन महिने हातात ठेवा. बोलीतल्या अवघड शब्दांचे अर्थ मागे जोडलेत तर वाचणाऱ्याचेही आशीर्वाद मिळतील.

९. रात्री किती वाजेपर्यंत प्रयोग चालू ठेवता येतो?

उघड्या जागेवर ध्वनिक्षेपक रात्री दहा ते सकाळी सहा बंद. सणासाठी वर्षातून ठरावीक दिवस, जास्तीत जास्त पंधरा, राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. ते दिवस तुमच्या जिल्ह्यात कोणते हे जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशात पाहा. नाटक पावणेदोन तासांचं लिहा आणि आठला पडदा उघडा. सत्कारात पाऊण तास जातो, तो आठच्या आधीच उरका.

१०. बहिणाबाईंची गाणी, साने गुरुजींचं लेखन नाटकात घेतलं तर परवानगी लागते का?

शब्दांसाठी आता लागत नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे २०१० अखेर मुदत संपली. बालकवींची तर केव्हाच. बहिणाबाईंचा हिशेब जरा वेगळा : त्या १९५१ मध्ये गेल्या आणि गाणी त्यानंतर, १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. अशा वेळी साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणजे २०१२ अखेर.

पण शब्द मोकळे झाले म्हणून चाल मोकळी होत नाही. सिनेमातली, रेडिओवरची चाल दुसऱ्या कोणाची तरी आहे आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क आणखी तिसऱ्याचा. जात्यावरची गावातली चाल घ्या. ती फुकट आहे आणि बहुतेक वेळा चांगलीही.

११. आणि दुसऱ्या लेखकाचं तयार नाटक केलं तर? आम्ही तिकीट लावत नाही.

हौशी मंडळाने पैसे न घेता प्रेक्षकांसमोर केलेला प्रयोग कायद्याने हक्कभंग धरला जात नाही. ही सवलत प्रयोगापुरती आहे. चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकलंत की सवलत संपली. आणि सवलत असली तरी लेखकाला एक फोन करावा. फोन केल्यामुळे कोणी 'नको' म्हटल्याचं आम्हाला तरी आठवत नाही.

१२. खर्च किती येतो?

आकडा सांगत नाही, कारण तो गावागणिक बदलतो. पैसे कुठे जातात ते सांगतो : प्रकाश आणि ध्वनी, गाडीभाडं, मांडव, जेवण. नेपथ्य एका छोट्या हत्तीत मावलं पाहिजे हा आमचा नियम; दुसरी गाडी लागली की गणित बसत नाही. जनरेटर नेहमी धरा. तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. हिवाळ्यात दौरा असेल तर यजमान गाव जेवणाला भरीत-पुरी करतं. दुसऱ्या अंकात नट जड होतात, एवढाच तोटा. म्हणून जेवण प्रयोगानंतर.

१३. कोणत्या महिन्यात प्रयोग लावावा?

कापूस वेचणीत लावू नका, अर्धं गाव शेतात आणि उरलेलं थकलेलं. माघ ते चैत्र, यात्रांचा काळ, सर्वांत बरा. आखाजीला लेकी माहेरी आलेल्या असतात, बायकांची गर्दी हवी असेल तर तो मुहूर्त. पण तेव्हा ऊन असं असतं की दुपारी रंगीत तालीम ठेवली तर रंग आधी वितळतो. श्रावणात कानबाई देवीची स्थापना होते त्या रविवारी प्रयोग मागू नका. त्या रात्री घरोघर जागरण असतं, तिथे तुम्हीच प्रेक्षक व्हा.

१४. प्रेक्षकांतून कोणी उठून 'असं नसतंच' म्हणालं तर?

आमच्याबरोबर झालंय. नाटकात कानबाईचा प्रसंग होता. नारळ सजवलेला, पाट मांडलेला, आरती चाललेली. आमच्या पात्राने शेजारणीच्या हातावर कानबाईच्या प्रसादाचा रोट ठेवला. पुढच्या रांगेतली एक म्हातारी उभी राहून ओरडली, 'रोट असा कोनले बी देतस नही!' रोट भाऊबंदकीतच खायचा असतो, हे लेखकाला ठाऊक नव्हतं आणि विचारायला तो कोणाकडे गेला नव्हता. नटीने प्रसंग सांभाळला. हात मागे घेतला आणि म्हणाली, 'चुकनं माय.' टाळी पडली. पुढच्या प्रयोगापासून तो प्रसंग आम्ही तसाच ठेवला : शेजारीण हात पुढे करते, घरातली आजी ओरडते. नाटकातली सगळ्यात चांगली जागा आता तीच आहे. म्हातारीचं नाव विचारायचं राहून गेलं.

१५. आमच्या गावच्या खऱ्या माणसावर नाटक करायचंय. घरच्यांची परवानगी घ्यावी लागते का?

गेलेल्या माणसावर लिहायला अशी परवानगी कायद्याने सक्तीची नाही. मात्र मृत माणसाची बदनामी होऊन घरच्यांच्या भावना दुखावतील असं काही असेल तर फौजदारी तक्रार होऊ शकते. हयात माणसाचं खाजगी आयुष्य तर परवानगीशिवाय हातात धरूच नका.

कायद्यापलीकडे, त्याच गावात राहायचं आहे ना? जा, बसा, चहा घ्या, संहिता वाचून दाखवा. एका घरात आम्हाला दारू पिण्याचा प्रसंग काढायला सांगितला, तो काढला नाही. पण का ठेवतोय ते तासभर सांगितलं. शेवटी आजीच म्हणाल्या, 'पेत होता, खोटं का सांगानं.' सगळीकडे असं होत नाही. एका नाटकात आम्हाला गावाचं नाव बदलावं लागलं, आडनाव काढावं लागलं, आणि तरीही पहिल्या प्रयोगाला सगळ्यांनी ओळखलंच.

१६. मुलींना घरचे पाठवत नाहीत. बायकांची कामं कोणी करायची?

पुरुषांनी साडी नेसून करू नयेत, एवढं आधी सांगतो. तमाशात ती एक कला होती, आपण केली तर चेष्टा होते. बहुतेक घरांचा विरोध नाटकाला नसतो, रात्रीच्या तालमीला असतो. शेवटची एसटी सातची असेल तर तालीम तीनला ठेवा. पहिल्या तालमीला आईला सोबत बोलवा. आमच्याकडे अशाच आलेल्या दोन आया आता कोरसमध्ये आहेत आणि मुलींपेक्षा वेळेवर येतात.

१७. अहिराणी नाटक राज्य नाट्य स्पर्धेत चालतं का?

हौशी मराठी नाट्य स्पर्धेत बोलीतली नाटकं होत आली आहेत, त्यामुळे भाषेपायी अडू नका. प्राथमिक फेरीसाठी जळगाव हे आपल्याकडचं केंद्र. त्या वर्षीची नियमावली मात्र सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडून घेऊन स्वतः वाचा; कालमर्यादा आणि प्रमाणपत्राच्या अटीवर (प्रश्न ८) दर वर्षी कोणी ना कोणी बाद होतं. परीक्षक बाहेरचे असतील तर त्यांच्यासाठी बोली सौम्य करायची का, असंही विचारतात. आम्ही करत नाही. एकदा केली होती. बक्षीसही मिळालं नाही आणि गावाकडचे लोक म्हणाले, 'हाई कोनं नाटक शे?'